कानपिळीचा मान

फॉर्मवर नाव लिहायची वेळ आली तेव्हा गोपीनाथ मढवींनी 'कमलेश' असे लिहिले आणि आडनावाच्या जागी नुसती एक रेघ ओढली. शेजारी बसलेल्या बायकोने, चित्राने, ते पाहिले. मांडीवरची पर्स तिने आणखी घट्ट धरली.

डोंबिवलीतल्या एका पालिका शाळेचा तो बालवाडीचा वर्ग होता. शनिवारी दुपारी शाळा सुटली की एका संस्थेचे लोक तिथे बसत. वयात येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवून समुपदेशन करायचे, तेही त्यांच्याच वस्तीत, असे त्यांचे काम होते. वर्गातल्या खुर्च्या चार वर्षांच्या मुलांच्या मापाच्या होत्या. बावन्न वर्षांचे, भरल्या अंगाचे गोपीनाथ त्यांतल्या एका लाल खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. गाडी त्यांनी दोन गल्ल्या अलीकडे उभी केली होती.

असेच एक केंद्र कळव्यात त्यांच्या स्वतःच्या इमारतीसमोर, रस्ता ओलांडला की होते. दर गुरुवारी ते गावदेवी मंडळाच्या हॉलमध्ये भरे. मंडळाचे अध्यक्ष गोपीनाथच होते आणि हॉल विनामूल्य देण्याचा निर्णयही त्यांचाच होता. ऑगस्टमध्ये उद्घाटनाला त्यांनी समई लावली आणि माइक हातात घेऊन सांगितले, "मुलांशी बोला. मन मोकळं करा. यात लाजण्यासारखं काही नाही." टाळ्या पडल्या. त्या दिवशी त्यांच्या मुलाने, हर्षितने, कॉलेजला जाणे सोडून आठवडा झाला होता.

दार उघडून समुपदेशक आत आल्या. उद्घाटनाच्या व्यासपीठावर गोपीनाथांच्या उजव्या हाताला बसलेल्या रुपालीताई त्याच होत्या. गोपीनाथ गडबडीने उठले, तशी लाल खुर्ची कमरेला अडकून त्यांच्याबरोबर वर आली. चित्राने ती ओढून काढली.

"मॅडम, आम्ही इकडेच एका कामाला आलेलो," गोपीनाथ म्हणाले.

"बरं झालं आलात." रुपालीताईंनी फॉर्म उचलला, वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. "नाव नंतर लिहा. घाई नाही."

त्या हसल्या असत्या किंवा रागावल्या असत्या तर गोपीनाथांना काही उत्तर देता आले असते. त्या पालथ्या कागदाकडे पाहताना त्यांचे कान मात्र तापले.

बोलली ती चित्रा. मुलगा सोळा वर्षांचा. दहावीला एक्याऐंशी टक्के. ठाण्याच्या एका कॉलेजात सायन्सला घातला. तीन आठवडे गेला आणि मग एक दिवस वर्गात त्याचा श्वास अडकला, हात थरथरू लागले, तो उठून घरी आला. पुन्हा गेलाच नाही. दिवसभर झोपून असतो. आंघोळीला चार-चार दिवस लागतात. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून शक्तीच्या गोळ्या दिल्या.

"बाहेर कधीच पडत नाही?"

चित्राने नवऱ्याकडे पाहिले.

"पडत नाही," गोपीनाथ म्हणाले.

"पडता येत नाही," चित्रा म्हणाली. "अहो, सांगा ना. त्यासाठीच आलोय."

मग ते सांगणे भाग पडले. गणपतीत चुलतभाऊ पोपट आरतीला आला होता. सगळ्या भाऊबंदांच्या देखत त्याने विचारले, "पोऱ्या कय हाय तुजा? आरतीला नाय दिसत." हर्षित तेव्हा आतल्या खोलीत डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होता. गोपीनाथांच्या तोंडून निघून गेले, "लातूरला टाकलाय. मेडिकलच्या क्लासला. हॉस्टेलवर राहतो."

एक वाक्य होते ते. पण दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश आले. ज्यांच्या आजोबांनी मिठागरात घमेली वाहिली, त्यांच्या घरातला पहिला डॉक्टर, असे कोणीतरी लिहिले. लोक भेटले की लातूरची चौकशी करू लागले, आणि दर वेळी गोपीनाथ थोडी भर घालत गेले. खोलीतला दुसरा मुलगा नांदेडचा आहे. मेसमध्ये रविवारी पुरी असते. दर पंधरवड्याला परीक्षा होते. नातवाला तिथेच घालायचे म्हणून पोपट हॉस्टेलचा नंबर मागत राहिला, तेव्हा एक आकडा बदललेला नंबर त्यांनी त्याला दिला.

आणि घरात हर्षितच्या चपला दाराबाहेरून उचलून कपाटात गेल्या. बेल वाजली की त्याने आपल्या खोलीचे दार लावून घ्यायचे, खोकायचे नाही, असे ठरले. मोबाइल आवाज बंद करूनच ठेवायचा. रस्त्याकडच्या खिडकीत उभे राहायचे नाही.

"दिवाळीत त्याला जरा बरं वाटत होतं," चित्रा म्हणाली. "फराळ खाल्ला. दाढीची लव काढली. मला म्हणाला, मम्मी, मी खाली जाऊन येतो. मी हो म्हणणार तेवढ्यात त्याचाच चेहरा पडला. म्हणाला, अगं पण मी लातूरला आहे ना."

रुपालीताईंनी पेन खाली ठेवले.

"म्हणजे आजाराने तो आत गेला," त्या म्हणाल्या, "आणि आता बरं वाटलं तरी बाहेर येण्याची वाट नाही."

गोपीनाथ भिंतीवरच्या चित्रांकडे पाहत होते. अननसाचा अ. आगगाडीचा आ.

"पुढच्या महिन्यात मुलीचं, करिश्माचं, लग्न आहे मॅडम," ते म्हणाले. "तेवढं पार पडू दे. मग बघू."

"लग्नात मुलगा कुठे असेल?"

गोपीनाथांची नजर पुन्हा भिंतीवर गेली.

"मी घरी येते," रुपालीताई म्हणाल्या. "हॉलमधलं काम आटोपून, गुरुवारी चारला."

"तुम्हाला सगळे ओळखतात तिकडे. करिश्माची मैत्रीण म्हणून याल का? किंवा साड्या दाखवायला?"

"मी कोणाच्या घरी दुसऱ्या नावाने जात नाही, मढवीसाहेब."

त्यांचे आडनाव त्या दिवशी प्रथमच त्या खोलीत उच्चारले गेले. चित्रा म्हणाली, "या गुरुवारी या. मी वाट बघते."

*

गंगुबाई निवास ही चार मजली इमारत गोपीनाथांनी आईच्या नावाने बांधली होती. तळाला दुकाने, वर भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावर ते स्वतः. दुधाच्या दुकानाबाहेर एक बाकडे होते आणि त्यावर दुपारभर पोपट बसलेला असे. साठीचा, किडकिडीत, सगळ्या आळीवर नजर ठेवणारा माणूस. गुरुवारी कापडी पिशवी खांद्याला लावून रुपालीताई रस्ता ओलांडून आल्या, तेव्हा त्याने विचारलेच.

"मॅडम, इकरं कनाला?"

"चहाला."

"आमाला नाय कोन बोलवत चहाला. गोपी मोठा मानूस झाला. पोरगा डाक्टर व्हनार त्याचा."

रुपालीताई पन्नास मिनिटे हर्षितच्या खोलीत होत्या. दार लावलेले होते. बाहेर चित्राने दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो गार झाला. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "त्याने सांगितलेलं बरंच काही माझ्याकडेच राहील. एक गोष्ट सांगायची त्याने परवानगी दिली आहे. त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेऊ या. तो तयार आहे. जिवाला धोका होईल असं आज काही नाही. तसं वाटलं तर तो कोणाला सांगेल, हे आम्ही दोघांनी लिहून ठेवलं आहे."

त्या कागदावर कोणाचे नाव होते ते विचारण्याचे धाडस गोपीनाथांना झाले नाही. आपले नसावे, एवढे त्यांना कळत होते.

मग सगळे घरातल्या हॉलमध्ये बसले. सोफ्यावर जागा असूनही हर्षित खिडकीखाली जमिनीवर टेकला, खाली सरकून, डोके चौकटीच्या वर येणार नाही अशा बेताने. तसे बसायला त्याला कोणी आता सांगितले नव्हते. गणपतीपासून ती सवय झाली होती.

"इथे एकच नियम आहे," रुपालीताई म्हणाल्या. "प्रत्येकाने फक्त स्वतः काय केलं ते सांगायचं. दुसऱ्याने केलेलं त्याचं तो सांगेल."

करिश्मा आधी बोलली. पंचवीस वर्षांची, बँकेत काम करणारी, बोलण्यात वडिलांसारखी ठाम. "मी होणाऱ्या नवऱ्याला, दिपेशला सांगितलं, भाऊ लातूरला आहे. साखरपुड्याला हा त्या खोलीत होता आणि मी इथे फोटो काढत होते. लाइट गेली तेव्हा आत पंखा बंद पडला, ते मला कळलं. मी उठले नाही." ती थांबली. "आणि आता पप्पा म्हणतात, कानपिळीला साईनाथ उभा राहील."

लग्नात वधूचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ असे बजावतो आणि नवरदेवाकडून भेट घेतो. सख्खा भाऊ नसेल तर चुलतभाऊ. साईनाथ हा पोपटचा धाकटा मुलगा.

"माझा सख्खा भाऊ वर खोलीत बसलेला असताना खाली साईनाथ कान पिळणार. मला नको असली कानपिळी."

"आता तुम्ही," रुपालीताई गोपीनाथांना म्हणाल्या.

"मी मुलाच्या भल्यासाठी..."

"ते कारण झालं. केलंत काय?"

"लोकांना सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की तो शिकायला गेलाय."

खोटे हा शब्द त्यांच्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला. पायांजवळ बसलेल्या मुलाकडे न पाहता ते एकदम उत्साहाने म्हणाले, "त्याच्यावर मी उपाय काढलाय. लातूरची गाडी सकाळी कल्याणला थांबते. हळदीच्या दिवशी मी पहाटे ह्याला गाडीतून कल्याणला नेतो. बॅग घेऊन परत आणतो. बहिणीच्या लग्नाला आला, संपलं. कानपिळी हाच करेल. कोणाला काय कळतंय?"

चित्राच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव आले आणि त्यांचीच तिला लाज वाटली असावी, कारण तिने मान खाली घातली.

"आणि लग्न झाल्यावर?" रुपालीताईंनी विचारले. "लातूरहून आलेला मुलगा परत कुठे जाईल?"

तो कुठे जाईल ते सगळ्यांना दिसत होते. दहा पावलांवर होते त्याच्या खोलीचे दार.

"मी येतो," हर्षित म्हणाला. त्याचा आवाज न वापरल्यामुळे जाड झाला होता. "ताईचं लग्न आहे. नंतरचं नंतर."

*

हळदीच्या दिवशी पहाटे पाचला बापलेक निघाले. आळी झोपेत होती. मांडवाच्या खांबांना बांधलेली उंबराची फांदी तेवढी दिव्यात दिसत होती. हर्षित मागच्या सीटवर आडवा झोपला आणि मुंब्र्याचा बायपास ओलांडेपर्यंत उठला नाही. शिळफाट्याला तो उठून बसला व काच खाली करून बाहेर बघू लागला. डिसेंबरची गार हवा आत येत होती. गोपीनाथांनी काच लावायला सांगितली नाही.

कल्याण स्टेशनबाहेर त्यांनी गाडी एका कडेला लावली. लातूरची गाडी यायला अजून वेळ होता. दोन कागदी कप चहा घेऊन ते परत आले तेव्हा हर्षितने शेजारची बॅग उचलून पाहिली होती.

"पप्पा, ह्यात काय आहे?"

"चादरी. आणि जुने पेपर. वजन वाटायला पाहिजे ना."

हर्षितला हसू आले. गोपीनाथांनाही आले. चार महिन्यांत दोघे एका गोष्टीवर हसण्याची ती पहिली वेळ होती, आणि ते कशावर हसत आहेत हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले.

थोड्या वेळाने माणसे बाहेर येऊ लागली. त्यात खरोखरीची मुलेही होती, पाठीला सॅक, डोळ्यांवर झोप. एका मुलाचा बाप त्याच्या हातातली पेटी ओढून घेत होता आणि मुलगा ती सोडत नव्हता.

"कोणी काही विचारलं तर," गोपीनाथ घसा साफ करून म्हणाले, "जास्त बोलायचं नाही. क्लासचं विचारलं तर..."

"मला माहीत आहे."

"काय?"

"सगळं. रूममेट नांदेडचा. त्याचे वडील मास्तर आहेत. रविवारी मेसमध्ये पुरी. दर पंधरा दिवसांनी टेस्ट. मागच्या टेस्टला मी वर्गात नववा आलो." त्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा हलत होता. "तुम्ही पोपटकाकांना सांगायचात ना, दारामागे ऐकू यायचं."

गोपीनाथांनी स्टीअरिंगवर हात ठेवले.

"नववा तुम्ही नोव्हेंबरमध्ये केलात. आधी अकरावा होतो," हर्षित म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो नीट आठवून सांगत होता. "मी झोपून त्याचाच विचार करायचो. तो लातूरवाला. सकाळी पाचला उठतो, थंड पाण्याने आंघोळ करतो. त्याला काही होत नाही. चांगला आहे तो, पप्पा. तुम्ही त्याच्याबद्दल बोलताना तुमचा आवाज वेगळाच असतो. मला वाटायचं, ह्याच्यासमोर मी कशाला बाहेर येऊ?"

समोरचा बाप आणि मुलगा अखेर पेटीला दोन्ही बाजूंनी धरून रिक्षाकडे निघाले. गोपीनाथ त्यांच्याकडे पाहत राहिले. काही तरी बोलायला हवे होते. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना शब्द कमी पडत नसत. आता त्यांना एवढेच सुचले, "चहा सांडतोय, बेटा," आणि त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला.

परतताना पत्रीपुलावर गाडी रखडली तेव्हा गोपीनाथांनी आरसा किंचित फिरवला. त्यात मुलाचा चेहरा दिसत होता, उन्हाची तिरीप पडलेला, पीठ लावल्यासारखा पांढरा.

*

मांडवात हळदीची गडबड सुरू झाली होती. बायका जात्याभोवती बसल्या होत्या आणि धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणणारी म्हातारी, एका सुरात गात होती. गाडी थांबली तशी चार-सहा पुरुष उठून आले. सगळ्यांत पुढे पोपट.

"आयला रं, डाक्टर आयला!" त्याने हर्षितच्या हातातली बॅग घेतली. "कवा बसलास गारीत? आन ह्यो रंग कुनीकरचा? लातूरशी मानूस येतो तो रापून येतो. तू तर दुधान ठेवल्यासारखा झालास."

दोघे-तिघे हसले. ते चेष्टेने नव्हे, मायेनेच हसले.

"काल रात्री बसलो काका," हर्षित म्हणाला. "क्लास दिवसभर आतच असतो ना. ऊन लागत नाही." उत्तर चोख होते. बोलताना त्याने उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी दाबून धरला होता.

"आन तो नांदेडवाला दोस्त? त्याला नाय आनला लग्नाला?"

"त्याची टेस्ट आहे."

"हुशार पोर. बग गो," पोपट मागे वळून बायकोला म्हणाला, "आपल्या नातवाला मी म्हनतंय, ह्याच्यासारखा हो. तो रडतंय निस्ता. नाय जात म्हनतंय लातूरला. जूनला मी उचलून टाकतंय त्याला बग."

गोपीनाथ गाडीचे दार धरून उभे होते. त्यांना वाटले, हे आता असेच चालेल. मुलगा उद्या कान पिळेल, फोटोत येईल, परवा बॅग घेऊन निघेल आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेल. आणि पोपटचा नातू जूनमध्ये एका अशा मुलासारखे व्हायला जाईल, जो कुठेच नाही.

"पोपटदादा," ते म्हणाले. "तो लातूरला नव्हता."

"काय बोलतंस?"

"लातूरला गेलाच नाही तो. घरीच होता. वर. मी खोटं बोललो. गणपतीपासून बोलतोय."

जाते थांबले. धवलारणीला ऐकू कमी येत असे, तिचे गाणे तेवढे चालू राहिले. साईनाथच्या हातात फुलांची परडी होती, ती तो उगाच या हातातून त्या हातात घेत राहिला.

"म्हंजी?" पोपट हळू म्हणाला. "मंग त्यो नंबर? मी चारदा लावला. लागतच नवता."

"तो चुकीचा होता. मीच चुकीचा दिला."

मागून कोणीतरी फुस्सकन हसले. पोपट हसला नाही. त्याने बॅग खाली ठेवली आणि तो मुलाला न्याहाळू लागला. आता मायेने नव्हे, शोधल्यासारखा. "मंग हा चार मयने घरान काय करत व्हता? काय झालाय त्याला?"

गोपीनाथांच्या तोंडाशी सगळे आले होते. आजारी होता, डॉक्टर सुरू केलेत, आता बरा आहे. एका दमात सांगून टाकले असते तर लोक चुकचुकले असते आणि खोटे बोलणाऱ्या बापाचा अर्धा गुन्हा माफ झाला असता. गुरुवारचा नियम त्यांना आठवला.

"माझं तेवढं मी सांगितलं, दादा," ते म्हणाले. "त्याचं त्याला वाटलं तर तो सांगेल."

सगळ्यांच्या नजरा हर्षितकडे वळल्या. तो क्षणभर उभा राहिला, मग बॅग तिथेच सोडून जिन्याकडे गेला. पहिल्या मजल्यावर तो धावू लागल्याचे खाली ऐकू आले. मग दार बंद झाल्याचा आवाज.

त्या दिवशी गोपीनाथ मांडवात कामे करत फिरले. लोक त्यांच्याशी बोलत होते, पण ते जवळ आले की आधीचे बोलणे थांबत होते. संध्याकाळी हळदीला बँजो लागला, माणसे नाचली, जेवणे झाली. मंडळाचा खजिनदार म्हणाला, "साहेब, हॉलच्या कार्यक्रमात तुम्ही किती छान बोललेलात," आणि पान खायला निघून गेला. हर्षित खाली आला नाही. चित्रा ताट घेऊन वर गेली आणि तसेच घेऊन परत आली.

"काय म्हणाला?"

"काही नाही. दार उघडलं नाही."

गोपीनाथांनी रुपालीताईंना फोन केला. झाले ते सांगितले.

"तुमचं खोटं तुम्ही परत घेतलंत, ते बरोबर," त्या म्हणाल्या. "पण तो शेजारी उभा होता. त्याला आधी विचारलं होतं?"

"नाही."

"कल्याणला वेळ होता."

"हो," गोपीनाथ म्हणाले. "होता."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागले. अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. होमाची तयारी करता करता भटजींनी हाक दिली, "वधूचा भाऊ या. कानपिळी."

साईनाथ नवा फेटा बांधून पुढच्या रांगेत बसला होता. तो अर्धवट उठला, त्याने करिश्माकडे पाहिले आणि पुन्हा बसला. करिश्मा जिन्याच्या दिशेने पाहत होती. भटजींनी दुसऱ्यांदा हाक दिली. मांडवात कुजबुज झाली. गोपीनाथांनी वर पाहिले नाही. मी हाक मारली तर तो माझ्यासाठी येईल किंवा माझ्यामुळे येणार नाही, असे त्यांना वाटले आणि ते हात जोडून उभे राहिले.

हर्षित आला तो घरातल्या टीशर्टवर. त्याच्यासाठी आणलेला कुर्ता वरच राहिला होता. केस ओले होते. आंघोळ केलेली दिसत होती. खुर्च्यांच्या मधून तो भराभर चालत आला, कोणाकडे न पाहता, पाण्यातून चालल्यासारखा. दिपेशसमोर उभा राहिल्यावर त्याचा हात इतका थरथरला की कान एकदा चुकला. कोणीतरी हसले. दुसऱ्यांदा त्याने कान धरला.

"जोरात पीळ रे," दिपेश हळूच म्हणाला. "तुझी ताई मला सोडणार नाही नाहीतर."

हर्षितने पिळला. दिपेश खरोखर कळवळला आणि मांडवात हशा पिकला. भेटीचे घड्याळ हर्षितने घेतले, बहिणीच्या डोक्याला क्षणभर हात लावला आणि आला तसा निघून गेला. सगळे मिळून दीड-दोन मिनिटे झाली असतील. करिश्मा रडत होती. बायकांना ते लग्नातले नेहमीचे रडणे वाटले.

पंगत उठल्यावर पोपट गोपीनाथांजवळ आला. त्याने इकडेतिकडे पाहिले.

"नंबरचा मी इसरनार नाय," तो म्हणाला. मग आवाज आणखी खाली घेऊन, "ती बाय गुरवारी कती वाजता बसते?"

"दोनला."

"मागल्या दारान जाता येते का?"

"येतं," गोपीनाथ म्हणाले, आणि थोडे थांबून, "मी पुढच्या दाराने जाणार आहे. तुला हवं तर बरोबर ये."

पोपट निघून गेला.

गोपीनाथ ताट वाढून घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढले. फ्लॅटच्या दाराबाहेर, पाहुण्यांच्या चपला-बुटांच्या ढिगाशेजारी, हर्षितच्या चपला होत्या. त्याच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. तो पलंगावर बसून घड्याळाचा पट्टा मनगटाला लावून पाहत होता.

गोपीनाथ उंबऱ्याशीच थांबले. "जेवतोस?"

"ठेवा तिथे."

त्यांनी ताट टेबलावर ठेवले. जावे की थांबावे ते त्यांना कळेना. शेवटी ते दाराजवळ जमिनीवर बसले. खालून टेबले उचलल्याचे आवाज येत होते.

"पप्पा."

"हं."

"काल सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही तुमचं सांगून मोकळे झालात. मी तिथे उभा होतो." त्याने पट्टा सोडला, पुन्हा लावला. "पुढच्या वेळी सांगायच्या आधी मला विचारा."

"हो," गोपीनाथ म्हणाले. मान वर करण्याचे त्यांना जमले नाही. "विचारीन."

हर्षितने ताट जवळ ओढले. पुरीचा तुकडा मोडताना तो थांबला आणि म्हणाला, "वरण नाही आणलंत."

गोपीनाथ उठले, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. वरण आणायला खाली जाताना त्यांनी दार होते तसे, अर्धे उघडे ठेवले.